मिस व्हर्नासाठी अळूचा कलालू

रविवार, १ जून
चर्चच्या पायऱ्यांवर मिस व्हर्नाला पुढच्या रविवारी जेवायला बोलावलं. स्वयंपाक कोण करणार, म्हणाली. मी! इतकी हसली की पर्स पडली. बाई प्रेमात आहे. नारळाच्या दुधात शिजवून घोटलेला अळूचा कलालू वाढायचा आणि लग्नाचं विचारायचं. ठरलं.

बुधवार, ४ जून
ताईचा फोन. मेल्या, तुझा चहा उतू जातो, तू कसला कलालू करतोस? अळू चांगला रटरटू दे, नाहीतर घसा धरेल, असंही म्हणाली. जुन्या समजुती. जास्त शिजवलं की पाल्यातलं जीवनसत्त्व जातं. मी वाचतो. ताई वाचत नाही.

शुक्रवार, ६ जून
रंगीत तालीम. घुसळायला घरात रवी नाही. शेजारच्या कथबर्टनं कुंपणावरून दिली. लिंबंही ने लेका, लागतील, म्हणाला. घेतली नाहीत. त्याचा व्हर्नावर डोळा आहे.
अरिमाच्या बाजारातून खेकडे आणले. एक निसटून फ्रिजखाली गेला. तालीम रद्द. हात मुळातच चांगला आहे, तालीम कशाला?

रविवार, ८ जून, सकाळी
चर्चला दांडी. अंगणातला अळू, भेंडी, नारळाचं दूध, खेकडे. एक उकळी आणि गॅस बंद. काय हिरवागार! ताईचा तर शेवाळासारखा दिसतो. रवीनं घुसळला. थोडा छताला लागला. चव घेतली नाही. पहिला मान पाहुणीचा.

दुपारी २
व्हर्नानं दोन चमचे खाल्ले. डोळे भरून आले. हीच वेळ! गुडघ्यावर बसून विचारलं. तिचा हात गळ्याशी गेला, शब्द फुटेना. आनंदानं! मीही मोठा घास घेतला.

दुपारी ४
घसा. जीभ. आई गं.
कथबर्ट लिंबं घेऊन कुंपणावरून उडी मारून आला. व्हर्नाला वाचा फुटली. पहिला शब्द: कथबर्ट.
माझ्या प्रश्नाचं उत्तर बाकी आहे. आशा आहे.

रविवार, १५ जून
कथबर्टकडे जेवण. व्हर्नाही होती. कलालू काळपट, मऊ, चांगला शिजलेला. मी तीनदा घेतला. मिस्टर लेनॉक्स, तुमचं उत्तर राहिलंच, ती म्हणाली. नाही. पण तुम्ही विचारलंत, म्हणून यांनाही धीर आला हो! ऑगस्टमध्ये लग्न. मला आमंत्रण आहे, फक्त स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही.
वाईट वाटलं. फार.
घरी आलो. खेकडा फ्रिजखालून निघून दारात बसला होता. मारवेना. थोडा भात ठेवला त्याच्यापुढे. साधा.