हात जलरंगाचा

ता. ४ जानेवारी

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

फोनवर तू हो-हो, बरं-बरं करत चार मिनिटांत मला गुंडाळतोस, म्हणून हे पत्र. कागदावर तरी मधेच गिऱ्हाईक आलं असं म्हणता येत नाही.

परवा शाळेतून निवृत्त झाले. तीस वर्षं चित्रकलेचे तास घेतले आणि शेवटच्या दिवशीही फळा मीच पुसला. मुख्याध्यापिकाबाई माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलल्या, की हा दुसऱ्याच कुणाचा निरोप समारंभ आहे की काय, असं वाटून मी मागे वळून पाहिलं. सगळ्यांनी मिळून एक लाकडी पेटी दिली. उघडली तर साठ सॉफ्ट पेस्टल, ते खडूंसारखे रंग, एकही न झिजलेला. जेवायचं सोडून मी नुसती बघत बसले.

आता विचारायचं ते विचारते. मुलांना शिकवायचं म्हणून आज शाई, उद्या कोळसा, परवा आणखी काही, अशी सगळ्यांकडे पाहुणी म्हणून राहिले. घरी मात्र जलरंगच. उरलेल्या वर्षांत एकच माध्यम धरायचं आहे आणि त्याच्याशीच संसार करायचा आहे. मला पेस्टल ओढतं. पण बावीस वर्षांपूर्वी तू म्हणाला होतास, की तुझा हात जलरंगाचा, पेस्टलमध्ये तुझं काम भुरकट दिसतं. तेव्हापासून मी स्वतःसाठी खडूला हात लावला नाही. एवढ्या वर्षांत हात बदलला असेल की नाही? तू फ्रेमवाला, हजारो चित्रं तुझ्या टेबलावरून गेली आहेत. तुझी नजर मला नाही. स्पष्ट सांग, तू म्हणशील तसं करीन.

बायकोला आशीर्वाद सांग. लोभ आहेच, तो वाढावा असं वाटत असेल तर चार ओळींपेक्षा जास्त लिही.

तुझी,
ताई


ता. ११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निवृत्तीबद्दल अभिनंदन. आता माझ्या पत्रांतल्या ऱ्हस्वदीर्घांना तरी तुझ्यापासून निवृत्ती मिळू दे.

माध्यमाचं म्हणशील तर जलरंगच. पेस्टलचा धुरळा छातीत जातो, तुला आधीच खोकल्याची सवय. घरभर बोटांचे ठसे उठतात. चित्र जरा हललं की रंग झडतो. फ्रेम करायला कटकट, ठेवायला कटकट. आणि आपल्या वयाला नवं खूळ कशाला? जलरंगाचं बरं असतं, एक वाटी पाणी आणि कागद, काम झालं की घर जिथल्या तिथे. हात असा सहजासहजी बदलत नाही. ती पेटी कुणाला तरी देऊन टाक, म्हणजे डोळ्यांसमोर राहणार नाही.

दुकानात गर्दी आहे, तेव्हा इतकंच. आहे तो लोभ सांभाळून ठेव.

तुझा,
खिळ्या


ता. २० जानेवारी

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

एक कारण मागितलं तर तू डॉक्टर, मोलकरीण आणि फ्रेमवाला अशा तिघांची कारणं दिलीस. हसू आलं. पण ऐकलं तुझं. पेटी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना दिली. कापडावर खुणा करायला त्यांना रंगीत खडू हवेच होते. काल निळ्याने त्यांनी कुणाच्या तरी झग्याची बाही आखली.

जिना उतरताना पाय निघत नव्हता, हे खरं. मग स्वतःला समजावलं, की आईचं पेस्टलमधलं चित्र जमलं तो एक योगायोग होता. आई खुर्चीत चष्म्यासकट झोपलेली आणि गालावर दुपारचं ऊन. आई गेल्यावर तिला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई गाव सोडून निघाल्या, नव्या दवाखान्यासाठी त्यांनी ते मागितलं आणि तुझ्याकडे फ्रेमला दिलेलं ते तू परस्पर देऊन टाकलंस. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. नंतर वाटलं, नंबर लागायची वाट बघत बसलेल्या माणसांचा आईकडे बघून जरा वेळ बरा जात असेल. अजूनही उदास वाटलं की मी मनानेच त्या दवाखान्यात जाते आणि बाकावर बसून येते.

जलरंगाचा कागद बोर्डावर ताणून ठेवला आहे. चार दिवस झाले, कोराच आहे. सुरुवात होईल हळूहळू. तुझ्या सल्ल्यावर जितका विश्वास आहे तितकाच लोभही आहे.

तुझी,
ताई


ता. २८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन फाडली, कारण तिन्हींत मी स्वतःचीच बाजू मांडत बसलो होतो.

आईचं चित्र डॉक्टरीणबाईंनी कधीच नेलं नाही. त्यांनी ते पाहिलंही नव्हतं. ते माझ्या दुकानाच्या माळ्यावर आहे, प्लायच्या तुकड्यांमागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

तू ते फ्रेमला दिलंस तेव्हा मला पेस्टलची काहीच माहिती नव्हती. चित्र आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याचं माउंट घालून फट ठेवावी लागते, नाहीतर रंग काचेला धरतो. मी छापील चित्राला बसवतो तशी काच घट्ट बसवली आणि खिळे ठोकले. चार दिवसांनी एक डाग दिसला म्हणून काच उचलली, तर आईचा गाल काचेबरोबर वर आला. तिथेच थांबायला हवं होतं. पण उरलेलं सारखं करायला म्हणून मी ओलं फडकं घेतलं. ताई, आईच्या तोंडावरून फडकं फिरवलं मी. तिथे काही राहिलं नाही. फ्रेमला वेळ लागेल म्हणून तुला टोलवत राहिलो आणि महिन्याभरात आई गेली. मग सांगायची हिंमतच झाली नाही.

इथवर अपघात म्हणता येईल, पुढचं नाही. तू त्यानंतर आणखी दोन पेस्टल करून आणलीस आणि टेबलावर ठेवलीस. ही आता जन्मभर खडूंची चित्रं आणणार आणि दर वेळी मला तो गाल दिसणार, एवढंच माझ्या मनात आलं. म्हणून भुरकट म्हणालो. ती भुरकट नव्हती. तशी चित्रं त्यानंतर माझ्या टेबलावर कुणाचीच आली नाहीत. परवा तू विचारलंस, तेव्हा खरं बोलायची आयती संधी होती, तरी मी पुन्हा तेच केलं. त्या निळ्या खडूचं वाचलं आणि दुकान बंद करून हे लिहायला बसलो.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. लोभ मागायला तोंड राहिलेलं नाही.

खिळ्या


ता. ९ फेब्रुवारी

चि. खिळ्यास,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, अ. उ. आ.

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण जे सुचत होतं ते टपालाने पाठवण्यासारखं नव्हतं.

आईच्या चित्रासाठी पोटभर रडले. दवाखान्यातला तो बाकही गेला. पण ओल्या फडक्याबद्दल तुला बोलणार नाही. घाबरलेलं माणूस काहीही करतं. ते मी सोडून दिलं.

भुरकट मात्र सुटत नाही. ज्यात मला सुख वाटतं त्यातच मी कच्ची आहे, असं मी बावीस वर्षं धरून चालले. जलरंग केले ते नेटके, स्वच्छ आणि कुणाच्या लक्षात न राहणारे. पहिले तीन दिवस तर मला तुझा इतका राग आला होता, की तू समोर नव्हतास तेच बरं.

शिंपीणबाईंकडून पेटी परत मागून आणली. तोंडाने मागितली, लाज वाटली, तरी मागितली. बावन्न उरलेत. आरशासमोर बसून स्वतःचं तोंड काढायला घेतलं. बोटं सगळं विसरली आहेत. एक कान तेवढा बरा आलाय.

त्या कानावर बोट फिरवताना एक मुलगी आठवली. सातवीच्या वर्गातली. साध्या फळ्याच्या खडूंनी ती असे ढग काढायची, की तास संपला तरी मी तिच्या बाकापाशी उभी असायची. तिची बोटं कायम माखलेली. एकदा तिने विचारलं, की बाई, मी हेच करत राहू का? मी म्हणाले की नको, तुझा हात जलरंगाचा. तिच्या ढगांत काहीही वाईट नव्हतं. माझं जे सुटलं ते तिच्या हातात मला बघवत नव्हतं, एवढंच. ती निमूटपणे हात धुऊन आली आणि वर्षभर नेटकी फुलं काढत राहिली. मी तिला चांगले गुण दिले.

तुला माफ केलं, असं मोठ्या मनाने लिहायचं ठरवून बसले होते. ते आता मला शोभणार नाही. माझा लोभ काही तुटलेला नाही, तो तू धरून राहा. तू निदान मला पत्र लिहू शकलास. मला त्या मुलीचं नावसुद्धा आठवत नाही.

ताई