दामिनी खार्तूममध्ये आहे

१५ एप्रिल २०२३, शनिवार

दामिनीचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "बाबा, टीव्ही लावू नका," हेच पहिलं वाक्य. म्हणजे लावलाच! खार्तूम. विमानतळावरून काळा धूर. तिथलं सैन्य आणि दुसरी एक फौज, दोघं आपसातच भिडलेत म्हणे. तिची खोली विमानतळाजवळ — मागल्या वर्षी गच्चीवरून उतरणारी विमानं दाखवली होती तिनं व्हिडिओवर. आम्ही दोघं किती कौतुकानं पाहत होतो.

फोनवर मागून आवाज येत होते. मी विचारलं, फटाके आहेत का?

"हो बाबा, फटाकेच."

मग फोन कटला. अर्धी दाढी तशीच राहिली.

१६ एप्रिल

मनकर्णाला सांगितलं नाही. टीव्हीची वायर मागून ढिली करून ठेवली. "बिघडला," म्हटलं. तिनं नुसतं पाहिलं माझ्याकडे.

श्यामला अकोल्याला फोन केला. तोही घाबरलेला, पण मोठ्या भावाच्या आवाजात बोलला — "बाबा, मी पाहून राहिलो ना. तुमी फक्त आईले सांभाळा."

१७ एप्रिल

सकाळी मनकर्णा चहा ठेवून गेली. जाता जाता म्हणाली, "वायर लावून द्या. मले शनिवारीच मालूम पडलं. बाजूवालीच्या मोबाइलवर पाह्यलं."

दोन दिवस एकमेकांपासून लपवत बसलो होतो! वायर लावली. पण टीव्ही चालू करायला हात धजेना. शेवटी तिनंच लावला.

१८ एप्रिल

नत्थुजी येऊन बसला. शेजारी आहे, चांगला माणूस आहे, पण जीभ अशी की काय सांगावं. "काहून धाडली बाप्पा पोट्टी इतक्या दूर? इथंच कोन्या शाळेत पीटी शिकवत राह्यली असती."

त्याला कुठं सांगत बसू? धारणीच्या एसटीवरची ड्यूटी करून यायचो आणि अंग न टाकता तिला सायकलवर मैदानात सोडायचो. परीक्षा देत देत कोच झाली. खार्तूमच्या त्या मुलींच्या फुटबॉल क्लबनं बोलावलं तेव्हा कुणाचंच ऐकलं नाही. पहिल्या आठवड्यात चारच पोरी आल्या मैदानावर. मग ही घरोघरी गेली, मोडक्यातोडक्या अरबीत त्यांच्या आयांशी बोलली. "बाबा, तिथल्या आयाही आपल्या आईसारख्याच आहेत, आधी खाऊ घालतात आन् मग नाही म्हणतात." यंदा मार्चमध्ये टीम पूर्ण भरली होती. पहिली मॅच जिंकल्यावर तिचा फोन आला, तर रडत होती. आनंदानं रडताना फक्त तेव्हाच ऐकलं तिला.

आता ते मैदान कुणाच्या ताब्यात असेल?

२० एप्रिल

फोन आला! पाणी संपलं होतं, तिच्या गोलकीपरच्या घरचे भिंतीआडून येऊन दोन कॅन देऊन गेले. खिडकीला गादी लावून आतल्या मोरीत झोपते. काच फुटली तर अंगावर येऊ नये म्हणून. हे सगळं तिनं असं सांगितलं जसं काही प्रॅक्टिसचं वेळापत्रक सांगते आहे.

मी विचारलं, भीती वाटते का?

"बाबा, ते नका विचारू."

२२ एप्रिल, आखाजी

सणाला लेकी माहेरी येतात. गल्लीत रिक्षा थांबली की मनकर्णा दाराकडे पाहायची. पुरण शिजवलं, पण स्वतः शिवली नाही त्याला.

पितरांच्या नावानं तिनं माठ भरला. माझ्या वडिलांचं नाव, आईचं नाव, तिच्या बाबांचं. तेवढीच नावं घेतली आणि झटकन उठली. एक नाव जास्तीचं तोंडातून जाऊ नये अशी उठली. मला समजलं. तिला समजलं की मला समजलं.

२३ एप्रिल

फोन बंद. मेसेजवर एकच बरोबरची खूण. तिकडचं इंटरनेटच गेलं म्हणतात.

२४ एप्रिल

घरात बसवेना. सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं अकोल्याला श्यामकडे आलो. मूर्तिजापूरच्या पुढं ऊन असं की खिडकीची पट्टी धरवत नव्हती. श्याम दोन मोबाइल घेऊन बसलेला. एकावर दिल्लीचा नंबर, दुसऱ्यावर तिथल्या भारतीयांचा ग्रुप. "नंबर बिझीच लागून राहिला, बाबा." त्याचे डोळे सुजलेले आहेत.

ग्रुपवर आलं, उद्या पहाटे बस निघणार. नावं मागवली होती. दामिनीचं नाव कुणीतरी टाकलं आहे, पण तिचं स्वतःचं उत्तर नाही. ती गादीआड मोरीत बसलेली असेल आणि बस निघून गेली तर?

मनकर्णा देवापुढं बसली नाही. ओट्यावरचे धुतलेले डबे पुन्हा धुवत बसली.

२५ एप्रिल

दुपारी मेसेज. "बसमध्ये बसली. पोर्ट सुदान. चार्जिंग नाही."

श्यामनं उडीच मारली. सून रडायला लागली. मला मात्र आनंद झाला नाही. साऱ्या जन्मात मी बसच चालवली. मेळघाटातल्या घाटात पावसापाण्यात गाडी नेली, कधी छाती धडधडली नाही. तेव्हा स्टिअरिंग माझ्या हातात होतं. आज कोणाच्या हातात आहे? त्याची झोप झाली आहे का? डिझेल किती आहे? वाटेत बंदुकवाल्यांनी गाडी अडवली तर तो खाली उतरून नीट बोलेल की घाबरून पळवेल? पळवली की गोळी घालतात. एवढं मलाही समजतं.

नावगाव माहीत नसलेल्या त्या ड्रायव्हरचाच विचार करतो आहे. बाबा रे, सावकाश.

२६ एप्रिल

काही नाही.

टीव्हीवर एक जळालेली बस दाखवली. श्याम ओरडला, "ती जुनी हाय! जुनी हाय ती!" त्याला कसं माहीत? मी उठून बाहेर गेलो. चपला घालायच्या राहून गेल्या, रस्ता तापलेला, तरी चालतच राहिलो.

२७ एप्रिल

पोचली! पोर्ट सुदानला पोचली. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून बोलली. आवाज बसलेला. "बाबा, जहाजासाठी थांबलो आहोत. आईला द्या."

मनकर्णानं फोन घेतला आणि नुसतं "हं, हं" करत राहिली. ठेवल्यावर म्हणाली, काय बोलली ते मला काहीच ऐकू आलं नाही. कान बंद पडले होते.

३० एप्रिल

जेद्दा. उद्या मुंबईचं विमान.

२ मे

अकोला स्टेशन. गाडी उशिरा आली. डब्यातून आधी एक बॅग उतरली, मग ती. एवढी वाळली! पाया पडायला वाकली तर मनकर्णानं वाकूच दिलं नाही, तशीच धरून ठेवली. प्लॅटफॉर्मवरचे लोक पाहत होते. पाहू दे!

माझ्या डोक्यावरून डोंगर उतरला. तिच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. थकली असेल.

४ मे

अमरावतीला घरी आलो. येणारे-जाणारे सुरूच. नत्थुजी केळीचा फणा घेऊन आला, "आता नाई पाठवाचं पोरीले," म्हणाला. मनकर्णाच्या बहिणीनं एक स्थळही सुचवलं, परतवाड्याचं. मुलगा शिक्षक आहे. मलाही बरं वाटलं ऐकून. जवळच राहील.

स्वयंपाकघरात ताट पडलं आणि दामिनी पलंगाखाली! बाहेर यायला वेळ लागला. जेवत नाही. फोन चार्जरवरून काढत नाही, उशाशी घेऊन बसते. कुणाचा वाजला तरी दचकून स्वतःचा पाहते. मी म्हटलं, बेटा, आता संपलं सगळं. घरी आहेस तू.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच नजर वळवली.

६ मे

आज दामिनीनं आम्हा दोघांना समोर बसवलं. तिचं लग्न झालं आहे. नोव्हेंबरात, तिथंच. नाव इद्रीस. तिच्या टीमच्या पोरींचे दुखावलेले पाय बांधून द्यायचा. तिला बसपर्यंत सोडायला आला आणि परत फिरला, त्याची म्हातारी आई नदीपलीकडं अडकली आहे म्हणून. तेव्हापासून त्याचा फोन लागत नाही.

मनकर्णा मला म्हणाली, "त्याले जेवाले भेटत असंन का वो?"