एका कोयत्याला एक ओळ

प्रिय प्रविणदादा,

नोंदींची फाईल उघडायला तू पाठवलेलं सॉफ्टवेअर मिळालं. पण खरं सांगू, माझा त्याच्यावर काडीचा विश्वास बसला नाही. एवढंसं ते, इन्स्टॉल करायचं नाही, पैसे मागत नाही, नाव-नंबर विचारत नाही. फुकट कोण कुणाला काय देतंय? मी आधी संस्थेच्या कॉम्प्युटरचं नेट काढलं, मजुरांच्या नोंदींची फाईल दुसरीकडं कॉपी करून ठेवली आणि मगच त्याला हात लावला. हसतोस? हस. नोंदी भरणारा बिभीषण नोकरी सोडून गेल्यापासून इथला जुना प्रोग्रॅम उघडत नाही आणि शिरूरच्या सगळ्या ऊसतोड मजुरांच्या नोंदी त्या एका फाईलीत अडकून पडल्यात. ती उडाली असती तर आमच्या संस्थेच्या रामेश्वर सरांनी मला काय ओवाळलं नसतं.

घाई कशाची आहे, ते फोनवर तुला अर्धंच सांगितलं होतं. आईचा खांदा कामातून गेलाय. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं, ते अंगानं किती वर्षं सोसायचं? हात वर जात नाही, तिची वेणी आता मी घालते. ऑपरेशन फुकटात होईल, पण त्याला मजुराचं कार्ड पाहिजे आणि कार्डासाठी आमच्या संस्थेच्या नोंदीत नाव पाहिजे. अण्णांचं कार्ड कधीच आलंय. मग आईचंच कावून नाही, असं विचारलं तर सर म्हणाले, नोंदीत शोध, सापडलं तर आजच लिहून देतो.

तर उघडलं बाबा एकदाचं. डावीकडं तक्त्यांची नावं, वर रिकामी चौकट. तिथं प्रश्न लिहायचा आणि बटण दाबायचं. तू शिकवलेली ती सिलेक्ट स्टारची, म्हणजे 'सगळं दाखव' म्हणायची, ओळ जशीच्या तशी टाकली आणि अख्खा तालुका समोर येऊन उभा राहिला! खोटं कशाला बोलू, लई भारी वाटलं. मग व्हेअर लावून गावागावाची माणसं काढली, एकेका मुकादमाची काढली. चटकच लागली म्हण. मग आईचं नाव टाकलं, जानकीबाई. खाली आलं, शून्य ओळी.

पहिला संशय अर्थातच तुझ्या त्या फुकट्यावर. म्हटलं, हे अर्धंच दाखवत असणार. अर्ध्या नावावरून शोधणारं ते लाइक लावून नुसतं जानकी टाकलं, आडनाव टाकलं, तरी आई नाही. अण्णांचं नाव टाकलं की मात्र उत्तरेश्वर लगेच हजर. म्हणजे ते बिचारं धड होतं. मग संशय बिभीषणवर. तो आधीच कामचुकार, बायकांची नावं भरायचा कंटाळा केला असेल मेल्यानं. फोन करून चांगलं झापलं त्याला. तो गरीब म्हणतो कसा, ताई, मी काय करू, बाईचं नाव भरायला त्यात जागाच न्हाई.

मला ते पटेना. मुक्ताबाईचं नाव टाकलं, मंगलमावशीचं टाकलं. आपल्या वस्तीवरची एक बाई सापडली तर शपथ! मग अण्णांची ओळ शेवटपर्यंत वाचली. तिथं लिहिलंय, कोयता एक. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम तसंच धरतो, बोलताना आपणही तसंच धरतो आणि तक्ता करणाऱ्यानंही तेच धरलं. एका कोयत्याला एक ओळ, ओळीत एक नाव, आणि ते नवऱ्याचं. आईनं जन्मभर ऊस तोडला, पण नोंदीच्या हिशेबी तिनं एक कांडकंही तोडलेलं नाही. मला रडू फुटलं दादा, तिथंच, सगळ्यांसमोर.

कोण हा शहाणा, ते शोधायचंच असं मी ठरवलं. प्रोग्रॅम करणारा आधी एक खोटी नोंद टाकून बघतो, हे तूच कधीतरी बोलला होतास. ती पहिली ओळ कुणी काढलेलीच नाही. मजूर, टेस्ट. गाव, आपलं. मुकादम, डांबर. या अख्ख्या तालुक्यात डांबर नावाचा मुकादम नाही. डांबर आपला काळा कुत्रा होता. कॉलेजच्या सुट्टीत तू बिभीषणला 'थोडी मदत' करायला इथं यायचास, ती ही मदत होय? आता मला सांग, मी नाव शोधून दे म्हटलं तेव्हा तू स्वतः न येता हे सॉफ्टवेअर कावून पाठवलंस? आत काय आहे ते तुला ठाऊक होतं, की तुझ्या ध्यानातच नव्हतं? माझं मन अजून दोन्हीकडं हेलकावे खातंय. यातलं काय जास्त वाईट, तेही कळत नाही.

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून हे पत्र. सर म्हणतात, तक्ता ज्यानं केला त्यानं सहीनिशी लिहून द्यावं की त्यात एक कोयता म्हणजे दोन माणसं, नवरा आणि बायको. मग सगळ्या बायकांची नावं भरायला घेऊ, पहिलं आईचं. ते लिहून दे, दसऱ्याच्या आत; दसरा झाला की टोळ्या ऊस तोडायला निघतात. नाही दिलंस तर अण्णांचा कोयता पुरा करायला नोकरी सोडून मी जाईन, पण त्या खांद्यानिशी आईला जाऊ देणार नाही. आणि हो, तक्ता कुणी केला ते मी तिला सांगितलेलं नाही. ती रोज भाकरी थापताना त्याला शिव्या घालते, हात झडो मेल्याचे म्हणते, आणि त्याच दमात मला विचारते, प्रविणचा फोन आलता का गं?

तुझीच,
मनिषा