पिशव्या काढलेली फुलं

प्रिय बुटके,

तू आम्हा दोघांपेक्षा उंच झालीस, पण बाबांनी ठेवलेलं नाव बदलायची माझी हिंमत नाही.

माझी फुलं कुठवर आली, असं तू विचारलं होतंस आणि मी उत्तर टाळलं होतं. आता सांगते. रोपाची जात एकच, पण दोन जागी वाढलेली. नदीकाठचं फूल मोठं, सुवासिक, मधमाशीच्या भरवशावर जगणारं. वरच्या खडकाळ माळावर मधमाश्या फारशा फिरकत नाहीत, म्हणून तिथलं फूल पिढ्यान्‌पिढ्या बारीक होत गेलं, त्याचा वास गेला, आणि आता ते स्वतःच्याच परागांवर बी धरतं. या दोघांचा संकर केला तर पोर कुणावर जातं, हे मला बघायचं होतं. तू कुणावर गेलीस यावरून तुझी आत्या आणि मावशी अजून भांडतात, तशातलाच प्रकार.

काम किचकट. माळावरची कळी उमलायच्या आत उघडायची, चिमट्याने पुंकेसर काढायचे, नदीकाठचे पराग कुंचल्याने लावायचे आणि वर कागदी पिशवी बांधायची, म्हणजे दुसरे पराग आत शिरत नाहीत. हे मला बाबांनीच शिकवलं. आमचं लग्न ठरायच्या आधी, ते माझे सर असताना, विभागाच्या याच काचघरात ते माझ्या मागे उभे राहून म्हणायचे, "घाई नको, कळीला कळता कामा नये."

बाबांचं विसरणं वाढलं आणि त्यांना घरी एकटं ठेवणं अवघड झालं, तेव्हापासून मी त्यांना सोबत नेत होते. ते दाराजवळच्या स्टुलावर बसायचे. कुंड्यांकडे बघत, शांत. आमच्या विभागप्रमुख बाईंनी समजून घेतलं, कुणी नाक मुरडलं नाही.

एका दुपारी बाईंनी मला वर बोलावलं. मी खाली आले, तेव्हा काचघराच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. बाबांनी एकूण एक फुलावरची पिशवी काढली होती. फाडली नव्हती हं, दोरे सोडून, घड्या घालून टेबलावर गठ्ठा रचला होता. मधमाश्या आत आल्या होत्या. कुठल्या फुलावर कुणाचे पराग बसले, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. वर्षाचा हंगाम गेला.

बाबा इतके खूश मी कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते. मला म्हणाले, "तुम्ही इथे नवीन दिसता. असं बांधून ठेवलं तर मधमाशी आत जाणार कशी?" मग मला हाताला धरून त्यांनी एकेका कुंडीपाशी नेलं आणि फुलाचा भाग न् भाग समजावून सांगितला. एकही शब्द चुकला नाही. मी "हो सर" म्हणत राहिले.

मला राग यायला हवा होता. निदान रडू तरी. काहीच आलं नाही. मी खिडक्या लावल्या, त्यांना चप्पल घातली, घरी आणलं, खिचडी टाकली. दुसऱ्या दिवशी बाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पुन्हा करू. तू रजा घे." मी रजा घेतली नाही. फुलं खुडून कुंड्या रिकाम्या केल्या, माती वाळत घातली. माळी मधूनच माझ्याकडे बघत होता. तो हंगाम मी माझ्याच कामासारखा आवरला नाही. कुणा दुसरीचं काम आवरावं तसा आवरला.

त्या आठवड्यात बाबा दोनदा घराबाहेर निघून गेले. दुसऱ्यांदा ते बसथांब्यावर सापडले, पायात काहीच नव्हतं. शेजारच्या काकांनी आणून सोडलं. बाबांनी त्यांचे आभार मानले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "यांचं घर कुठलं?"

बुटके, तू फोन करून "बाबांना दे" म्हणतेस आणि मी "झोपलेत" म्हणते. ते घरात नाहीत. मागच्या महिन्यात मी त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं. तुला न विचारता ठेवलं, कारण तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं. तिथे त्यांना जपतात. मी संध्याकाळी जाते, ते मला "या, बसा" म्हणतात. पत्ता मागच्या पानावर लिहिलाय. माझ्यावर चिडायचं असेल तर चिड, पण आधी त्यांना भेट. ते तुला ओळखणार नाहीत. तू आपलं नाव सांग आणि शेजारी बस.

तुझीच,
आई