चीनला जाण्याची माझी तयारी

६ ऑक्टोबर, सकाळ

नीरजाला आठवा लागला. बाळंतपण तिकडेच, चीनमध्ये, निंग्बोला. जावई गोकुळराव तिथे मशीनच्या कारखान्यात आहेत, त्यांना रजा नाही. म्हणजे आम्हा नवरा-बायकोलाच जावं लागणार. तेल-मालिश, डिंकाचे लाडू वगैरे सुलभाकडे. कायदे, कागदपत्रं, सरकारी खाती माझ्याकडे. पंचायत समितीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला बाप किती उपयोगी असतो, ते पोरीला आता कळेल.

संकल्प : आजपासून चिखलीतच चीनसारखं राहायचं. तिथे उतरल्यावर गोंधळ नको.

९ ऑक्टोबर

तिथले लोक बारा महिने गरम पाणी पितात. सुरू केलं. ऑक्टोबरच्या उन्हात जीभ भाजली. सुलभा म्हणाली, माठानं तुमचं काय घोडं मारलं? तिला परदेशाचं गांभीर्य नाही.

पोहे काड्यांनी खाल्ले. शेंगदाणे अवघड. उरलेले चमच्याने. चमचे तिथेही असतातच.

१३ ऑक्टोबर

व्हिडिओ कॉल झाला. त्यांचं ॲप आपल्याकडे बंद, आपलं व्हॉट्सॲप त्यांच्याकडे बंद, म्हणून जावयांच्या ऑफिसच्या मीटिंगवर भेटायचं. नीरजाशेजारी तिची घरमालकीण बसली होती. तिथे वय, पगार बिनधास्त विचारतात असं वाचलं होतं. विचारलं. नीरजाला म्हटलं, भाषांतर कर. तिने दोन शब्दांत काहीतरी सांगितलं. बाई हसल्या, पगार सांगितला नाही. मग मी भाडेकरारातल्या त्रुटींवर आलो, तेवढ्यात नेटवर्क गेलं. मी बोलायला लागलो की हमखास जातं. चीनची प्रगती बरीचशी ऐकीव दिसते.

१८ ऑक्टोबर

उंद्रीहून कडूबा आला. जुना मित्र. चिखलीच्या बाजारात सोयाबीन आणलं की रात्री आमच्याकडेच मुक्काम. चीनचा कायदा असा, की परक्या देशाचा माणूस कुणाच्या घरी उतरला की चोवीस तासांत पोलिसांत नोंद. सराव म्हणून कडूबाकडे आधारची झेरॉक्स मागितली आणि वहीत सही करायला सांगितलं. तो म्हणाला, "काऊन? मी का चोर आहो का?" मी कायदा समजावला. तो न जेवता गावातल्या पावण्याकडे झोपायला गेला.

शेतकरी माणूस. नियमाची सवय नाही.

२४ ऑक्टोबर

तिथे परदेशी माणसाने पासपोर्ट सतत जवळ बाळगायचा असतो. मी आठवडाभर बाळगतोय. दूध आणायला, दाढी करायला, सगळीकडे. घामाने कव्हर फुगलं. सुलभालाही बाळगायला सांगावं म्हणून कपाट उघडलं, तर तिचा पासपोर्ट जागेवर नाही. ती म्हणाली, "आहे नीट. तुम्ही नका शोधू." बायका वस्तू फार हलवतात.

नीरजाला निमंत्रणपत्राचं विचारलं. जावई बघतायत म्हणाली. त्यांना ड्राफ्ट मी देतो म्हटलं. नेटवर्क गेलं.

२ नोव्हेंबर

ज्येष्ठ नागरिक मंडळात माझं व्याख्यान : 'चीनमधील कायदे व शिष्टाचार'. चहा असूनही उपस्थिती बेताची. सांगितलं की घड्याळ भेट द्यायचं नाही, अशुभ. टीप द्यायची नाही. पाहुणा म्हणून मिळालेल्या व्हिसावर नोकरी करायची नाही. बाळ तिथे जन्मलं तरी भारतीयच, पासपोर्ट आपल्या वकिलातीतून घ्यायचा, मग राहण्याचा परवाना पोलिसांकडून. हे सगळं मी जातीने करणार. पोलिसांनी खळखळ केली तर नियम काय म्हणतो ते त्यांना लेखी विचारणार. शंकरराव म्हणाले, तिथे असं विचारून चालतं का? मी म्हटलं, अजून त्यांना विचारणारा भेटला नसेल.

सुलभा मुंबईला बहिणीकडे गेली आहे, त्यामुळे व्याख्यान तिचं हुकलं.

११ नोव्हेंबर, दुपार

कडूबा बाजारात भेटला. राग गेलेला. म्हणाला, "वहिनी सोमवारी चालल्या ना? संभाजीनगरपावतर गोपालची जीप सांगून देऊ का?"

मी म्हटलं, दोघांची तिकिटं अजून यायची आहेत.

त्याने खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं. मग म्हणाला, "भाऊ, तुमाले कोणी सांगतलंच नाही का?"

त्याला शेजारच्या पुष्पाबाईंनी सांगितलं होतं. पुष्पाबाईंनी सुलभाला बॅग दिली आहे. बहिणीकडे म्हणून गेली ती व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला गेली होती. आख्ख्या गल्लीला माहीत. मंडळालाही. व्याख्यान ऐकताना शंकररावांनाही माहीत होतं. ऐकून चहा पिऊन गेले.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ

सुलभा लाडू वळत होती. मी विचारलं तरी हात थांबले नाहीत. म्हणाली, "पोरीनंच म्हटलं, बाबांना शेवटी सांग. मले लपवायचं नव्हतं." मग लपवलं कशाला, विचारलं. म्हणाली, "तुम्ही इतकं खुशीत होते, कधी सांगू तेच समजे ना."

माझ्याच घरात माझ्याविरुद्ध एवढा पत्रव्यवहार, आणि आवक-जावक माझ्याकडे शून्य.

नीरजाला फोन लावला. निमंत्रणपत्रात माझं नाव घालायचं राहिलं, लिहिणाऱ्याची चूक असेल, दुरुस्ती करून घेऊ म्हटलं. ती म्हणाली, चूक नाही. "बाबा, तुम्ही आलात तर मी बाळाला सांभाळू की तुम्हाला? इथे पोलीस विचारतात तेवढंच सांगायचं असतं. तुम्ही त्यांना कलम विचाराल. घरमालकिणीशी भांडाल. हॉस्पिटलात भांडाल. मला या वेळी फक्त आई हवी आहे."

आज नेटवर्क स्वच्छ होतं. एक शब्द गाळला नाही.

१७ नोव्हेंबर

सुलभा गेली. जीपमध्ये बसताना म्हणाली, भाजी रोजच्या रोज आणा. पासपोर्ट कुठे ठेवलास, विचारलं. पिशवीत म्हणाली. जवळ ठेव म्हटलं. हो म्हणाली.

मी जायला तसा फारसा उत्सुक नव्हतोच.

२० नोव्हेंबर

सुलभाची पोलीस नोंद झाली. जावयांनी मोबाईलवर फोटो पाठवला, झालं. कोणी काही विचारलं नाही. मी तिला तीन पानी टिपण करून दिलं होतं. त्यात लाडू बांधून नेले असं दिसतं.

२९ नोव्हेंबर

सुलभा रोज सकाळी चौकात तिथल्या बायकांबरोबर गाण्यावर हात हलवते. भाषा येत नाही. घरमालकीण तिला वय, जावयाचा पगार, सगळं विचारते आणि ही खुणांनी सांगते. मी म्हटलं, पेन्शन सांगितलीस का? म्हणाली, तुमचा विषय निघाला नाही.

१२ डिसेंबर

मुलगी झाली. दोघी सुखरूप. पेढे वाटले. कडूबा जेवून गेला, सही मागितली नाही.

२१ डिसेंबर

व्हिडिओ कॉलवर छकुलीला पाहिलं. कपाळ माझं आहे. सुलभाचा मुक्काम वाढवून घेणार म्हणे. वकिलातीचं काम जावयांनी परस्पर सुरू केलं.

मी नीरजाला विचारलं, पुढच्या वर्षी मी येऊ का? वाद घालणार नाही म्हटलं. ती बाळाकडे बघत होती. म्हणाली, "बघू, बाबा."

म्हणजे नाही म्हणाली नाही. पण आमच्या घरात 'बघू'चा अर्थ काय, हे मला कोणी सांगायला नको. ती लहान असताना हा शब्द मीच चालू केला.