मांडावर टांगलेली रबरी वाटी

नंदिगड्डे, रविवार

तीर्थरूप सावित्री आत्यास,

रक्षिताचा वाकून नमस्कार. मी बरी आहे, आणि या वेळी हे वाक्य खरे आहे. (मागच्या पत्रातही लिहिले होते, पण तेव्हा ताप होता.) तुझा गुडघा कसा आहे? शिलाईचे मशीन डाव्या पायाने चालवायला सांगितले होते, ते चालवतेस का? तुझे ‘न्हाई’ मला इथपर्यंत ऐकू आले. बाबांच्या पंक्चरच्या दुकानापुढे अजून ट्रक आडवे लागतात का? फोनच करणार होते, पण इकडे दिग्गी गावाच्या बाजूला रेंज येते ती एका फणसाखाली, तिथे आधीच कोणीतरी बोलत असते आणि बाकीचे ऐकत असतात. मला जे सांगायचे आहे ते फणसाखाली उभे राहून ओरडण्यासारखे नाही. घाबरू नकोस, सगळे नीट पार पडले आहे. हे आधी सांगते, म्हणजे पुढचे तू आडवी होऊन वाचशील.

माझे काम तुला माहीत आहे. बाबा लोकांना सांगतात की रक्षिता ‘आरोग्याचं बघते’, आणि पुढे कोणी विचारले की टायरकडे वळतात. मी बायकांना पाळणा कसा लांबवायचा ते सांगते. संस्थेने त्यासाठी सगळ्या साधनांचे नमुने एका डब्यात दिले आहेत. त्यात एक मऊ रबरी वाटी आहे, कोरी, फक्त दाखवण्यापुरती. ती आत, गर्भाशयाच्या तोंडावर बसते. इकडे ती कुठे मिळत नाही, आणि मिळाली तरी डॉक्टरांनी माप घेऊन द्यावी लागते. पण ती हातात घेऊन पाहिली की बायकांना आपल्या शरीराचा नकाशा कळतो, म्हणून मी ती आवर्जून नेते. दिग्गीच्या पुढे एक वाडी आहे, तिथे लाडूच्या गोठ्यात आमची बैठक भरते. गोठा अशासाठी की तिथे पुरुष फक्त दूध काढायच्या वेळी येतात. लाडूची बायको फुला माझ्याच वयाची, सातवी शिकलेली, आणि तीन मुलांची आई. गेल्या साली तिसऱ्याच्या वेळी तिचे रक्त थांबेना. चार माणसांनी तिला खुर्चीला बांधून रानातून रस्त्यापर्यंत नेले, तेव्हा वाचली. इतक्यात चौथे नको, असे डॉक्टरांनी बजावले, पण ते ऐकायला घरातले कोणी आत नव्हते, आणि तिने कोणाला सांगितले नाही. मला सांगितले. दवाखान्यात जाऊन काहीतरी बसवून घ्यायला ती माझ्या भरवशावर कशीबशी तयार झाली होती. आत्या, मला पदवी मिळाली तेव्हा वाटले नव्हते इतके मोठे मला त्या दिवशी वाटले.

आणि त्याच दिवशी ती वाटी हरवली. (तू शिवलेल्या पिशवीचा बंद सुटला. तुला दोष देत नाही. पण बंद तुझाच होता.)

आता या वाडीची एक रीत सांगते. रस्त्यात काही सापडले की कोणी खिशात घालत नाही. मांड म्हणून एक मातीची ओटी आहे, शिमग्याला जिथे ढोल वाजतात, तिथल्या खांबाला ती वस्तू टांगायची. ज्याची असेल त्याने चार माणसांसमोर ती काय आहे आणि कशाला वापरतात ते सांगायचे आणि न्यायची. लाडूचा कोयता असाच परत मिळाला. मला ही रीत फार आवडायची. मी संस्थेच्या अहवालात तिचे एक पानभर कौतुक लिहिले आहे.

दुसऱ्या दिवशी वाटी शोधत गेले तर ती खांबाला सुतळीने टांगलेली, आणि खाली अख्खी वाडी बसलेली. भातकापणीला कोणाकडे कोणी कधी जायचे ते ठरवायला जमली होती, पण ते बाजूला राहून वाटीवरच खल चालला होता. वासू म्हणत होता, जीपच्या ब्रेकातले रबर आहे. लाडूच्या मते लहान मुलाच्या खेळण्याचे बूड. लखूने तिच्यातून पाणी पिऊन पाहिले होते आणि बरे मावते असा निर्वाळा दिला होता. महाबळेश्वर, म्हणजे वाडीचा बुधवंत, जुना कारभारी, ज्याच्या शब्दाबाहेर इथे बैलही जात नाही, तो बांबूची टोपली विणता विणता म्हणाला, “अक्का, तुजी दिसती ही. सांग काय हाय आणि घिऊन जा.”

मी तोंड उघडले आणि मला उचकी लागली. माणसे हसली, कोणीतरी आठवण काढतेय म्हणाली. आत्या, मी गोठ्यात किती धीट असते. शरीराची लाज कसली, असे एक वाक्य मी दर बैठकीला म्हणते. आणि त्या खांबाखाली, पंचवीस पुरुषांसमोर, मी काय सांगितले असेल? मी सांगितले की ही श्वासाच्या स्नायूची आकृती आहे. बरगड्यांच्या खाली असाच घुमटासारखा एक स्नायू असतो, श्वास घेताना तो खाली दबतो, सोडताना वर येतो, आणि त्याला झटके बसले की उचकी लागते, ही आत्ता मला लागलीय तशी. यातला स्नायूबद्दलचा शब्द न् शब्द खरा होता. फक्त वाटीबद्दलचा खोटा. (इंग्रजीत दोघांचे नाव एकच, डायफ्रॅम, तेवढाच काय तो आधार.)

वाटी घेऊन पळणार होते, पण माणसे रंगली. झोपेत तो थांबत का नाही? (थांबत नाही, मेंदू त्याला जागा ठेवतो.) घोरणे त्याच्यामुळेच का? (नाही, ते घशाचे.) बिडीने तो काळा पडतो का? (बिडी फुप्फुस खाते, मग बाकीच्यांना जास्त राबावे लागते.) लखूने विचारले की पोटभर जेवल्यावर दम का लागतो, तर मी म्हटले, खालून भरलेले पोट त्या स्नायूला उतरायला जागा देत नाही. यावर त्याची बायको म्हणाली, “ऐकलंस न्हवं?” शेवटी अख्खी वाडी पोटावर हात ठेवून श्वास घेत होती आणि मी माझ्याच विद्वत्तेवर खूश होत चालले होते.

तेवढ्यात मागून फुला म्हणाली, “मग आमाला गोठ्यात सांगितलंस ते काय हुतं, अक्का?”

हळूच म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरे झाले असते. मांडीवरच्या बाळाला थोपटत ती माझ्याकडे बघत होती, आणि मला स्वच्छ दिसले की ती आता दवाखान्यात येणार नाही. जी बाई माणसे बघून वस्तूचा उपयोग बदलते, तिच्या भरवशावर कोण कशाला जाईल? माझी उचकी थांबली. मी म्हटले, गोठ्यातले खरे. हे खोटे. आणि पुढचे सांगायला जी हिंमत लागते ती गोळा करत नुसती उभी राहिले.

ती गोळा होण्याआधीच फुलाची सासू केशर उठली. तिच्याशी मी आजवर पावसापाण्यापलीकडे बोललेले नव्हते. ती बैठकीच्या वेळी गोठ्यामागे शेण थापायची. म्हणाली, “ते पोर ऱ्हाऊ न्हाई म्हनून बायांनी वापरायचं हाय. तीनदा ऐकलंय म्या भिंतीमागनं.” कोणी हसले नाही. मग ती महाबळेश्वराकडे वळली. “गेल्या साली हिला खुर्चीतनं न्हेली तवा पुढचा खांदा कुनाचा हुता? तुजाच न्हवं? परत द्यायचा हाय?”

महाबळेश्वराने टोपली खाली ठेवली. मग मला म्हणाला, “तसं सांगायचं की, पोरी. मगाधरनं उगंच पोट धरून बसलोय आम्ही.”

मग मी सगळे सांगितले. वाटी छातीकडे चढत नाही (हे लाडूने विचारले, मान खाली घालून), तिच्या वरची वाट बंद असते. श्वासाचा स्नायू पार वर बरगड्यांशी, दोघांची गाठ कधी पडत नाही. ती एकटी पुरत नाही, बरोबर औषध लागते. आणि फुलासाठी हीच हवी असे नाही, काय योग्य ते डॉक्टरच बघून ठरवतील. लाडूने एकच विचारले, डॉक्टरांनी खरंच चौथे नको म्हटले होते का. फुला म्हणाली, व्हय. तो म्हणाला, मग मला का न्हाई सांगितलंस? ती म्हणाली, तू कधी इचारलंस? मग दोघेही बाळाकडे बघत बसले. कापणीचे त्या दिवशी काहीच ठरले नाही. परतताना मी इतका मोठा श्वास सोडला की वाटेवरची गाय बाजूला झाली.

तुझा गुडघा सांभाळ. बाबांना नमस्कार.

तुझी,
रक्षिता

ता. क. फुला गुरुवारी दवाखान्यासाठी रामनगरला येतेय, पहिल्या बसने, बाळाला घेऊन. मला त्या दिवशी संस्थेत हजर राहावे लागणार, म्हणून तू तिच्याबरोबर बाईडॉक्टरांकडे जाशील का? खरे तर पत्र एवढ्याचसाठी होते. ती एकटी नाही, आणखी चौघी आहेत. जेवायला सहा धर. सहावी केशर. ती म्हणते बांगड्या भरायला येतेय, पण तिलाही डॉक्टरांना काहीतरी विचारायचे आहे, त्या आत असतील तेव्हा बाळाला तू घे.

ता. क. दोन. वाटी न्यायची राहूनच गेली. परवा गेले तर महाबळेश्वर पाहुण्याला तीच दाखवून श्वास कसा चालतो ते समजावत होता. दुसरा उपयोगही सांगितला, न अडखळता. मी मागितली नाही. संस्थेला काय कळवायचे ते बघते.

ता. क. तीन. बाबांना हे पत्र वाचून दाखवणार असशील तर श्वासाच्या स्नायूचा भाग तेवढा वाच, बाकीचा सोड.

ता. क. चार. फुला इथे शेजारी बसून हे वाचतेय. ती म्हणाली, “परत तेच, अक्का?” म्हणून वरचे रद्द. बाबांना सगळे वाच. फक्त ते जेवून उठल्यावर लगेच वाचू नकोस. खालून पोट भरलेले असले की दम लागतो, तर थोडा वेळ जाऊ दे.