रिकामं पाकीट पाठवू नये

३ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद.

तू गेलीस आणि घर एकदम शांत झालं. तसं मला ऐकू कमीच येतं, पण तुझी शांतता ऐकू आली. फोनवर तू काय बोलतेस ते अर्धं कळतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने घालते, मग घोळ होतो. म्हणून पत्रच बरं. अक्षर वाकडं आहे, पण तू चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतेस, तुला वाचता आलंच पाहिजे.

तू फोनमध्ये पाकीट काढून दिलंस त्याने माझ्या दुकानाचा जीव वाचला बघ. दुकान कसलं, बाजाराच्या तळमजल्यावरचं एक बाकडं, एक मशीन आणि दोऱ्याचे डबे. पण हल्ली कुणाच्याच खिशात नाणं नसतं. कपडे दुरुस्त करून घ्यायचे आणि मग रिकामे हात दाखवायचे. आता नुसता फोन पुढे करतात, माझा फोन टुण् करतो, की झालं. तो टुण् मात्र मला स्वच्छ ऐकू येतो.

तुझ्या बाबाचं तुला माहीतच आहे. म्हणाला, या वयात फोनमध्ये पैसे म्हणजे चोराला घरी बोलावणं. एकदा जरी फसलीस तरी बाकडं बंद, मशीन बांधायचं आणि माझ्याकडे राहायला यायचं. त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे हे त्याने परत सांगितलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला लिफ्टचं कौतुक असणारच, पण मी तिथे दिवसभर काय करू, वर-खाली? मी हो म्हणून बसले आहे, कारण तो ऐकेना.

एकच तक्रार आहे. पाकिटात लिहायला जागा फार थोडी दिली आहे. काल फळवालीला सफरचंदांचे पैसे पाठवले आणि तिच्या आईच्या गुडघ्याची चौकशी लिहायला घेतली, तर गुडघ्यापाशीच जागा संपली. उरलेलं लिहायला दुसरं पाकीट पाठवावं लागलं. त्या कंपनीला कळवशील का?

तुझी आजी


९ नोव्हेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि इतकी हसले की समोरच्या काकांना चुकीच्या नंबरची काच लावली. अगं आजी, ते पाकीट म्हणजे पत्राचं पाकीट नाही. पैशाचं पाकीट, बाबाच्या मागच्या खिशात असतं तसं. खाली लिहायची जागा आहे ती ज्याला वाटेल त्याच्यासाठी. नाही लिहिलं तरी पैसे जातात. कुणीच लिहीत नाही गं. फळवाली काय म्हणत असेल?

दुसरं महत्त्वाचं. पैसे पाठवताना जो चार आकडी नंबर घालतेस तो कुणालाही सांगू नकोस, मला सुद्धा नाही. तो कुठे ठेवला आहेस? लिहून ठेवला असशील तर फाडून टाक. बाबा नुसती संधी शोधतोय. परवा फोनवर म्हणाला की आईसाठी खिडकीजवळची खोली रिकामी केली आहे.

इथे सगळं ठीक. जेवते, झोपते, तू शिवलेलं जाकीट रोज घालते.

तुझ्या मायेचं कायमचं गिऱ्हाईक,
भिंगरी


१६ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
आजीचे आशीर्वाद, आणि कान धरून एक गोष्ट.

पाकीट पैशाचं असो की पत्राचं, माणसाला रिकामं पाठवू नये. आमच्या शाळेत बाईंनी जेमतेम लिहायला शिकवलं तेवढ्यात माझी शाळा सुटली, पण एवढं मी शिकले. पैसे दिले आणि शब्द नाही, म्हणजे दार उघडून भांडं आत सरकवलं आणि तोंड न दाखवता निघून गेलं. मी लिहिणार. फळवालीने तर उलट लिहिलं की गुडघा बरा आहे, पण आई पथ्य पाळत नाही. दोरेवाल्याला मी लिहिलं की निळा रंग धुतल्यावर उतरतो, त्याने माफी मागून दुसरं रीळ पाठवलं. तोंडावर बोलले असते तर तासभर भांडला असता.

नंबरची काळजी सोड. कागदावर लिहिलेला नाहीच. कागद हरवतो, भिजतो. मी फोनला जाड कापडाचं कव्हर शिवलं आहे, त्याच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याने चारही आकडे भरून ठेवले आहेत, आणि वर बारीक अक्षरात ‘पाकिटाचा नंबर’. टाके इतके पक्के आहेत की कव्हर फाटेल पण नंबर जाणार नाही. बघितलास तर खूश होशील.

जाकिटाची कोपरं विरली असतील तर पाठवून दे. शिवणीत जास्तीची सोडलेली माया आहे तिथेच आहे, ती विरत नाही.

तुझी आजी


२१ नोव्हेंबर

ती. आजीस,
सा. न.

आजी, हे पत्र हातात पडताक्षणी कात्री घे आणि तो नंबर उसव. आकडे, अक्षरं, सगळं. बाकी मग लिहिते. बाबाला यातलं काही सांगितलेलं नाही.

घाबरलेली,
भिंगरी


२८ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, पण ते यायच्या आदल्या दिवशीच जे व्हायचं ते होऊन गेलं. आधी सांगते की मी बरी आहे आणि पैसेही आहेत. आता नीट बस आणि वाच.

गणिताचे ते जुने मास्तर आहेत ना, ज्यांना बायको सांगेल तेवढंच आठवतं, त्यांचा कोट आला होता. दोन्ही खिसे फाटलेले. मी नवे घातले. नवा खिसा शिवला की मी त्यात काहीतरी जड टाकून कोट झटकून बघते, ही माझी पहिल्यापासूनची सवय. एरवी कात्री टाकते. त्या दिवशी कात्री हातात होती, म्हणून फोन टाकला. खिसा छान टिकला. मी खूश झाले, कोटाची घडी घातली आणि मास्तरांना देऊन टाकला. फोनसकट.

मास्तर वर फळवालीकडे गेले. खिशात हात घातला तर फोन. त्यांना वाटलं, बायकोने नवा घेऊन गुपचूप ठेवला. उघडून बघतात तर आत लाल दोऱ्याने नंबरही भरलेला. बायको किती विचार करते म्हणून त्यांना भरून आलं म्हणे. तोच नंबर घालून त्यांनी सफरचंदांचे पैसे दिले.

फळवालीचा फोन वाजला. बघते तर माझ्याकडून पैसे, आणि खाली एक अक्षर नाही. तिला वाटलं मीच बाकड्यावरून पाठवले, आणि लिहिलं नाही म्हणजे म्हातारीला नक्की काहीतरी झालं. तराजू तसाच टाकून ती जिना उतरून धावत आली. मागून दोरेवाला, त्याच्या मागून जिन्याखालचा चांभार. मी तोंडात सुई धरून बसले होते. तिने माझे दोन्ही खांदे धरले, मला वाटलं हिची आई गेली. मी तिला धीर द्यायला लागले, ती मला. कुणाला काय झालं आहे हे कळायलाच वेळ लागला.

मग सगळे वर गेलो. मास्तर पिशवी पसरून तिथेच उभे, सफरचंदं कधी मिळतात याची वाट बघत. खरं कळल्यावर बिचारे इतके ओशाळले की मीच त्यांना बसायला स्टूल दिलं. पैसे तिथल्या तिथे परत केले. त्यांना एवढंच वाईट वाटत होतं की बायकोने फोन घेतलेला नाही.

आता वाईट बातमी. बाजाराची लिफ्ट तुझा बाबाच बघतो. लिफ्टवाल्याने त्याला सगळं रंगवून सांगितलं, लाल दोऱ्यासकट. शनिवारी येतो म्हणाला, मशीन बांधायला. मी म्हटलं, मी फसले नाही, मी फक्त विसरले. तो म्हणाला, तेच ते. नंबर मी उसवला आहे. त्या रात्री कधी नव्हे ते जेवण गेलं नाही.

तुझी आजी


८ डिसेंबर

चि. भिंगरीस,
खूप खूप आशीर्वाद.

बाबा शनिवारी सकाळी आला, मशीनच्या मापाचं खोकं आणि दोरी घेऊन. मी म्हटलं, कबूल केलं आहे तर येईन, पण हातातली कामं पुरी करू दे, लोकांचे कपडे अडकवून कशी जाऊ? तो स्टुलावर बसला. माझे हात कामात, म्हणून फोन त्याच्याकडे दिला. टुण् झालं की काय आलंय ते मोठ्याने वाच म्हटलं, मला ऐकू येत नाही.

त्याला वाटलं आकडा वाचायचा. पण त्या मास्तरांच्या भानगडीनंतर बाजारात सगळ्यांनी धसकाच घेतला आहे. मला आता कुणी रिकामं पाकीट पाठवत नाही. तर तुझा बाबा, लिफ्टमध्ये सुद्धा कुणाशी न बोलणारा, भर बाजारात ओरडून वाचतोय. बसवाल्याच्या पँटची चेन आता नीट लागते, त्यामुळे तो उभा राहून तिकिटं देऊ शकतो. मास्तरीणबाई विचारतायत की नवऱ्याला आवडलंच आहे तर तसं कव्हर शिवून द्याल का, नंबर न घालता. सगळे हसत होते, तो सोडून.

मग एक उंच बाई आल्या. त्यांच्या गेलेल्या नवऱ्याच्या शर्टाची मी उशी करून दिली होती. पैसे देऊन गेल्या, आणि बाबाने वाचायला सुरुवात केली की उशीवर झोप लागते, दोन महिन्यांनी पहिल्यांदा लागली. पुढचं त्याला मोठ्याने वाचता येईना. मला ऐकू आलं नाही म्हणून मी परत वाच म्हटलं. त्याने फोन माझ्यापुढे धरला.

नंतर तो बराच वेळ मला सुईत दोरा ओवताना बघत होता. माझा दोरा तीनदा चुकला, तेवढ्यात हा उठून निघूनच गेला. मला वाटलं रागावला. मी खोक्यात दोऱ्याचे डबे ठेवायला लागले, म्हटलं भांडण नको. तर हा परत आला हातात दिवा आणि स्क्रू घेऊन. लांब मानेचा, वळवता येतो तसा. गुडघे टेकून बाकड्याला भोकं पाडायला लागला. मी विचारलं हे काय, तर खाली मान घालूनच म्हणाला, “आई, उजेड डावीकडून यायला हवा. इतकी वर्षं उजवीकडच्या उजेडात शिवतेस, स्वतःच्याच हाताची सावली पडते कामावर.”

चारही स्क्रू आवळून झाल्यावर त्याने बाकडं दोन्ही हातांनी हलवून बघितलं, लिफ्ट हलवून बघतो तसं, आणि जेवायला घरी गेला. खोकं इथेच विसरला. ते मी त्याला आठवणीने परत देणार नाही.

हे पत्र त्याच उजेडात लिहिते आहे. अक्षर सुधारलं आहे का ते कळव, आणि माया आहे ती वापरत राहा, वापरून ती विरत नाही, ठेवून दिली की घडीवर विरते.

तुझी,
बाकड्यावरची आजी